जायकवाडी भरलं, मग आपली गंगा कोरडी कशी? पैठण ते बाभळी, पायऱ्या-पायऱ्यांची गोदावरी

आमच्या पट्ट्यात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, आणि काठच्या गावांना गंगाथडी. माझं आजोळ गंगाथडीचं, घनसावंगी तालुक्यात. संक्रांत झाली की मामांचा एक फोन ठरलेला असतो. "आरं, पेपरात तर आलं होतं जायकवाडी शंभर टक्के भरलं, सगळे दरवाजे उघडले, फोटो पण आले, मग आपल्या इथं घाटाच्या नऊ पायऱ्या उघड्या कशा पडल्या? पाणी गेलं कुठं?"

मामांचं मोजमाप पायऱ्यांचं आहे. गावच्या घाटाला दगडी पायऱ्या, वरून मोजत जायचं. दिवाळीला पाणी चौथ्या पायरीला असतं, संक्रांतीला नवव्या, होळीपर्यंत घाट संपतो आणि पुढं वाळू नि गाळ. दरवर्षी मी फोनवर अर्धंमुर्धं सांगतो, मग रेंज जाते नाहीतर लाइट येते आणि मामा मोटार चालू करायला पळतात. म्हणून यावेळी सगळं नीट लिहून काढतोय, कारण हा प्रश्न एकट्या मामांचा नाहीये, पैठणपासून धर्माबादपर्यंत काठावरच्या प्रत्येक गावात हाच विचारतात, आणि उत्तर माहीत नसल्यामुळं लोक एकमेकांवर चिडतात, वरच्या गावचे खालच्यांवर आणि खालचे वरच्यांवर.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. पैठणच्या खाली आता एकसंध वाहणारी नदी उरलेली नाही. पावसाळ्याचे तीन-चार महिने ती नदी असते, बाकीचे आठ महिने तो एक जिना असतो. प्रत्येक पायरी म्हणजे एक बंधारा, त्याच्या मागं लांबलचक साचलेलं पाणी, मग पुढचा बंधारा, परत साचलेलं पाणी. आणि प्रत्येक पायरीचे दरवाजे वेगळ्या माणसाच्या हातात, वेगळ्या नियमानं चालतात. त्यामुळं "धरण भरलं" या बातमीचा आणि तुमच्या घाटावरच्या पाण्याचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

आधी धरणाचं बघू. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि एकूण १४६५ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. मराठवाड्यात शिरल्यावर तिच्यावरचं सगळ्यात मोठं धरण म्हणजे पैठणचं जायकवाडी, म्हणजे नाथसागर. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हातून पायाभरणी झाली आणि १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. धरणाची भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, सांडव्याला २७ दरवाजे, एकूण साठा साधारण १०२ टीएमसी. पण यातलं सगळं पाणी वापरायला मिळत नाही. तळातलं २६ टीएमसी मृत साठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली राहिलेलं पाणी, ते कालव्यात आपोआप येत नाही, पंप लावून उपसावं लागतं आणि दुष्काळात पिण्यासाठी तेच उपसतात. वरचं साडेशहात्तर टीएमसीच्या आसपासचं जे आहे तो जिवंत साठा, आणि पेपरात टक्के छापतात ते या जिवंत साठ्याचे.

टीएमसी म्हणजे किती हे एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून दोन मिनिटं देतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर जवळपास २८३२ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटरच्या थोडं वर, दोन मोठ्या घागरी समजा. आता दरवाज्यातून ११,५७४ क्युसेकनं पूर्ण एक दिवस आणि एक रात्र पाणी सोडलं की बरोबर एक टीएमसी होतं. हा एक आकडा पाठ करून ठेवा. व्हॉट्सॲपवर "पंचवीस हजार क्युसेक विसर्ग सुरू" असा मेसेज आला की तुम्ही लगेच म्हणू शकता, दिवसाला दोन टीएमसीच्या थोडं वर चाललंय.

धरणातून पाणी बाहेर पडायचे रस्ते दोन. एक सांडव्याचे दरवाजे, ते पाणी थेट गंगेत येतं. दुसरा कालवा. डावा कालवा २०८ किलोमीटर, जालना जिल्ह्यातून परभणीकडं जातो. उजवा १३२ किलोमीटर, बीड जिल्ह्यातून माजलगावच्या धरणाला जाऊन भिडतो, ते धरण सिंदफणेवर आहे पण त्याला जायकवाडीचं पाणी मिळावं अशीच योजना आहे. आता मामांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. दरवाजे उघडले जातात ते धरण भरत आलं आणि वरून आवक चालू असेल तेव्हाच. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, फार तर ऑक्टोबर. तेव्हाचं पाणी खाली निघून जातं. पावसाळा संपला की सांडव्याचे दरवाजे बंद, आणि त्यानंतर धरण कितीही भरलेलं असू द्या, जे पाणी निघतं ते कालव्यानं निघतं, नदीनं नाही. नदीच्या पात्रात मुद्दाम पाणी सोडायचं असेल तर त्याचा वेगळा निर्णय व्हावा लागतो, तसं खालच्या बंधाऱ्यांसाठी अधूनमधून सोडतातही, पण तो नेम नाही.

"मग कालव्याचं घ्यावं की" असं शहरातले मित्र विचारतात. इथं एक गंमतशीर वाटेल पण फार दुखरी गोष्ट आहे. कालवा नदीच्या कडेनं जात नाही, तो उंचावरून जातो, कारण पाणी उतारानं शेतात उतरायला पाहिजे. उंचावरच्या मुख्य कालव्यातून वितरिका निघतात, त्यातून चाऱ्या, आणि या चाऱ्या उतारानं नदीकडं येतात. म्हणजे नदीला लागून ज्याची जमीन, तो चारीच्या शेवटच्या टोकाला. आमच्याकडं त्याला टेल म्हणतात. पाणी पाळी सुटली की हेडचा माणूस आधी भिजवून घेतो, मधला माणूस रात्री बारं फोडतो, आणि टेलला येईपर्यंत चारीत बोटभर पाणी उरतं, नाहीतर येतच नाही. मामांचं शेत गंगेपासून चालत पाच मिनिटं आणि कालव्याच्या पाण्यासाठी ते सगळ्यात शेवटचे. म्हणून गंगाथडीच्या माणसाचा सगळा जीव नदीतल्या मोटारीत अडकलेला असतो.

याच कारणासाठी बंधारे झाले. पण अजून एक मोठं कारण आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. गोदावरीच्या पाण्यावरून महाराष्ट्र, तेव्हाचा आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा अशी भांडणं होती, त्याच्यासाठी बच्छावत लवाद नेमला होता आणि त्याचा अंतिम निवाडा १९८० चा. त्याआधी १९७५ साली महाराष्ट्र आणि आंध्रमध्ये जे ठरलं ते असं, की गोदावरीवर पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं. आणि पैठणच्या खाली, पूर्णेवर सिद्धेश्वरच्या खाली, मांजरेवर निजामसागरच्या खाली, तिथून पोचमपाडपर्यंत जे पाणी आहे त्यातलं ६० टीएमसीपर्यंत नव्या प्रकल्पांसाठी वापरावं. पोचमपाड म्हणजे तेलंगणातलं श्रीरामसागर धरण. आता पैठणच्या खाली गंगा सपाट मैदानातून जाते, दोन्ही बाजूंना भारी काळी जमीन आणि दाट वस्ती, तिथं दुसरं जायकवाडी बांधलं तर शेकडो गावं पाण्याखाली जातील. मग आपल्या वाट्याचं पाणी अडवायचं कसं? तर नदीच्या पात्रातच अडवायचं, काठाच्या वर येऊ द्यायचं नाही. म्हणून उच्च पातळी बंधारे.

साधा बंधारा आणि हा, यात फरक आहे. कोल्हापुरी बंधारा तुम्ही पाहिला असेल, दगडी खांब, खांबांना खाचा, खाचात पत्र्याच्या पाट्या हातानं सोडायच्या, कुणी त्याला बर्गे म्हणतं कुणी निडल. पावसाळा सरला की पाट्या बसवायच्या, पाऊस आला की काढायच्या. ओढ्याला, लहान नदीला ठीक आहे, गंगेचा पूर एका रात्रीत येतो, तेव्हा पाट्या काढायला कोण जाणार. उच्च पातळी बंधाऱ्याला मोठे लोखंडी दरवाजे असतात, सरळ वर उचलले जाणारे, वर पुलासारखा कट्टा आणि त्याच्यावर प्रत्येक दरवाज्याची मोटार नि गिअर. दरवाजे खाली टाकले की दोन काठांच्या मध्ये पाणी तुंबतं आणि मागं कित्येक किलोमीटर फुगवटा जातो. पूर आला की दरवाजे पूर्ण वर, पाण्याच्या पातळीच्याही वर, पूर मोकळा जातो आणि जाता जाता तळाचा गाळ पण घेऊन जातो. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्या काळ्या मातीच्या नद्या गाळानं भरलेल्या असतात, पक्की भिंत घातली तर थोड्या वर्षांत भिंतीमागं पाण्याऐवजी चिखल उरेल.

आता पायऱ्या मोजू. पैठणच्या खाली पहिली आपेगाव, ज्ञानेश्वरांचं जन्मगाव म्हणतात ते. मग हिरडपुरी. मग जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, हे आमच्या बाजूचे. मग लोणी सावंगी. पुढं परभणी जिल्ह्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, गंगाखेडजवळ मुळी, पालमकडं डिग्रस. मग नांदेड जिल्हा लागतो, अंतेश्वर, विष्णुपुरी, आमदुरा, बळेगाव आणि शेवटी राज्याच्या टोकाला बाभळी. एका दमात वाचलं तरी कळेल की मध्ये नदीला मोकळं वाहायला जागाच कमी उरलीय, एकाचा फुगवटा संपतो न संपतो तोवर दुसऱ्याची भिंत.

या वाटेवर जुनी गावं किती आहेत बघा. पैठण एकनाथांचं. गंगाखेडला जनाबाईंची समाधी. नांदेडला गुरु गोविंदसिंगजींचं शेवटचं स्थान, १७०८ सालचं, हुजूर साहिबचा गुरुद्वारा. गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १७६३ च्या ऑगस्टमध्ये पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली, माधवराव तेव्हा अगदी तरुण, आणि त्या लढाईचा निकाल एका अर्थी गंगेनंच लावला. निजाम अर्ध्या फौजेसह पलीकडं उतरलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीची फौज घेऊन अलीकडं, नदीला पाणी चढलं आणि निजामाला मदतीला परत येता आलं नाही, विठ्ठल सुंदर तिथंच पडला. शाळेत हे शिकताना मला कधी वाटलं नाही की नदीच्या पुराच्या वेळापत्रकावर राज्यं हरतात-जिंकतात, आता दर ऑगस्टला विसर्गाचे मेसेज वाचताना ते हमखास आठवतं.

विष्णुपुरी ही या जिन्यातली सगळ्यात गजबजलेली पायरी. जलाशयाचं नाव शंकरसागर, शंकरराव चव्हाणांवरून. १८ दरवाजे. साठा ८० दशलक्ष घनमीटरच्या आसपास, म्हणजे तीन टीएमसीच्या आत. पण एवढ्याशा पाण्यावर अख्खं नांदेड शहर पाणी पितं आणि त्यावरून मोठमोठ्या पंपांनी पाणी वर चढवून शेतीला देतात, आशियातली मोठी उपसा योजना म्हणून तिचं नाव घेतात. म्हणून उन्हाळा जवळ आला की नांदेडात पहिली बातमी विष्णुपुरीची, आणि दुसरी बातमी, काठावरच्या मोटारी बंद. पाणी पिण्यासाठी राखीव केलं की काठच्या डीपींची लाइट तोडतात. माझ्या एका मावसभावाची मोटार अशी बंद झाली होती, ऊस कमरेएवढा, समोर पाणी दिसतंय, आणि डीपीवरून फ्यूज काढून नेलेले. शहराला पाणी पाहिजे हे त्यालाही कळत होतं, तो फक्त एवढंच म्हणत होता की हे दिवाळीत सांगितलं असतं तर मी ऊस ठेवला नसता, हरभरा पेरला असता. मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पाणी किती आहे हे पंधरा ऑक्टोबरला कळलेलं असतं, मग मार्चमध्ये कुणाला किती मिळणार हे सांगायला मार्चच का उजाडावा लागतो.

पंधरा ऑक्टोबर ही तारीख मी उगाच नाही घेतली. ती वरच्या पाण्याची तारीख आहे. जायकवाडीच्या वर नाशिक आणि नगर जिल्ह्यात धरणांची रांग आहे, दारणा, गंगापूर, मुळा, भंडारदरा, निळवंडे. ती आधी भरतात, मग उरलेलं आपल्याकडं येतं. याच्यावर किती वर्षं आंदोलनं झाली. २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, मेंढेगिरी समितीनं २०१३ मध्ये कोष्टक दिलं आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला. सोप्या शब्दात, पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा, खरिपात वापरलेलं पाणी धरून, ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०२३ मध्ये असं साडेआठ टीएमसीच्या थोडं वर पाणी सोडायचा आदेश झाला होता. सोडलं तेवढं पोहोचत नाही, कोरडं पात्र आणि वाळू वाटेत पिऊन टाकते, शिवाय वाटेत मोटारी असतात. पण तत्त्व मान्य झालं ही मराठवाड्यासाठी साधी गोष्ट नव्हती. आता माझं असं स्वच्छ मत आहे की हेच तत्त्व पैठणच्या खालच्या पायऱ्यांना पण लागायला पाहिजे. नाशिकनं नगरला, नगरनं पैठणला द्यायचं असं आपण भांडून मिळवलं, मग आपेगावनं राजाटाकळीला आणि राजाटाकळीनं ढालेगावला किती द्यायचं याचं कोष्टक कुठंय? परळीच्या थर्मलला, म्हणजे औष्णिक वीज केंद्राला, खडका बंधाऱ्यातून गंगेचंच पाणी जातं, २०१३ च्या दुष्काळात पाणी नव्हतं म्हणून तिथले संच बंद ठेवावे लागले होते, तेव्हा वरच्या पायरीवर कोण काय उपसतंय याचा हिशोब किती लांबवर लागू होतो ते बघा.

आता पुराकडं येतो, कारण यावरून सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोकांना वाटतं एवढे बंधारे आहेत म्हटल्यावर पूर अडवतील. हिशोब करून बघा. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं होतं, पैठणमध्ये पाणी घुसलं, लोक हलवावे लागले. आपला आकडा लावा, अडीच लाख भागिले ११,५७४, म्हणजे दिवसाला साडेएकवीस टीएमसी. बाभळी बंधाऱ्यात मावतं पावणेतीन टीएमसी. म्हणजे तो रिकामा असला तरी अशा पुरानं तीन तासात भरेल. तीन तास! पुढं काय? बंधाऱ्याचं काम पुराला वाट देणं एवढंच आहे, पूर झेलायची ताकद जायकवाडीसारख्या मोठ्या धरणातच असते, आणि ती पण तेव्हाच जेव्हा त्यात जागा रिकामी ठेवलेली असते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये धरण कितीपर्यंत भरू द्यायचं याचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं, परिचालन सूची म्हणतात त्याला. धरण नव्वद टक्के असताना पाणी सोडलं की गावात ओरड होते, "एवढं पाणी वाया घालवतात". ते वाया नसतं घालवत, येणाऱ्या पुराला जागा करत असतात. ती जागा केली नाही तर एकदम दोन-अडीच लाख सोडायची वेळ येते आणि मग खाली काय होतं ते मी पाहिलंय.

एका ऑगस्टला मी आजोळी होतो. वरून पाणी सुटल्याचा मेसेज संध्याकाळी आला, आणि आमच्या खालच्या बंधाऱ्याचे दरवाजे काही उचलले गेले नाहीत, दोन उचलले बाकीचे तसेच, कुणी म्हणालं लाइट नव्हती, कुणी म्हणालं जनरेटरला डिझेल नव्हतं. खरं कारण आजवर कुणी सांगितलं नाही. वरून पाणी येतंय आणि खाली वाट बंद, मग ते पसरणार कुठं? पहाटे चारला मामांनी उठवलं. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर घाट नाहीच, देवळाच्या ओट्याला पाणी, आणि पाण्याचा आवाज नाही, एकदम शांत, नुसतं चढतंय. वाहत्या पुराला आवाज असतो, फुगवट्याच्या पाण्याला आवाज नसतो, हे मला त्या रात्री कळलं. काठावरच्या अकरा मोटारी पाण्याखाली, कापूस आठ दिवस पाण्यात उभा राहून काळा पडला. पंचनामा झाला पण त्यात "नदीला पूर" एवढंच लिहिलं, दरवाज्यांचा उल्लेख नाही. दुसऱ्या वर्षीपासून मामा आणि शेजारचे दोघं पावसाळ्यात आळीपाळीनं बंधाऱ्यावर चक्कर मारतात, दरवाजे किती वर आहेत ते बघून ग्रुपवर टाकतात. हे काम त्यांचं नाही, पण करतात.

जगात दुसरीकडं पण नद्या अशा पायऱ्यांनी बांधल्यात. जर्मनी-फ्रान्सची मोझेल नदी १९६४ साली अशीच बंधाऱ्यांनी बांधून खुली केली, मोठ्या बोटी चालाव्यात म्हणून. प्रत्येक बंधाऱ्याशेजारी पाण्याची एक मोठी पेटी, बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरून बोट वर उचलायची, पुढं सोडायची. पण तिथं फरक असा की नदी बारा महिने वाहते, पायरीत पाणी भरून वरचं पाणी पुढं जातच राहतं, त्यांना फक्त खोली पाहिजे. आपल्याकडं पाऊस चार महिन्यांत संपतो, दरवाजे टाकले की पुढं थेंब जात नाही, आपल्याला साठा पाहिजे. त्यामुळं आपल्या जिन्यात वरच्या पायरीनं धरलं त्याला खालची पायरी मुकली, असा सरळ हिशोब होतो. आणि म्हणून दरवाजे कधी टाकायचे याला एवढं महत्त्व. लवकर टाकले आणि परतीचा पाऊस जोरात आला तर गावात पाणी. उशिरा टाकले तर नदीचा प्रवाह आटलेला, पायरी अर्धीच भरते. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर, या काळात जो माणूस बंधाऱ्यावर ड्युटीला असतो त्याच्या अंदाजावर पुढच्या सहा महिन्यांचा गहू-हरभरा अवलंबून.

शेवटच्या पायरीला मात्र हा अंदाज पण लावता येत नाही. बाभळी. इथून खाली तेलंगणा, आणि श्रीरामसागरचं पाणी मागं येऊन बाभळीच्या पुढं-मागं पोहोचतं. आंध्रचं म्हणणं होतं की हा बंधारा आमच्या धरणाच्या पाण्यात बांधलाय. २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू शेकडो लोक घेऊन बाभळीकडं निघाले आणि त्यांना धर्माबादला अटक झाली, तेव्हा देशभर बाभळीचं नाव झालं. सुप्रीम कोर्टाचा निकाल २८ फेब्रुवारी २०१३ चा. बंधारा राहू दिला, २.७४ टीएमसी साठवायला परवानगी, पण अट अशी, १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे १४ दरवाजे उघडेच ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. यासाठी त्रिसदस्यीय समिती आहे, दरवाजे उघडायला-टाकायला दोन्ही राज्यांचे अधिकारी समोर हजर असतात.

आता या तारखांकडं धर्माबादच्या शेतकऱ्याच्या नजरेनं बघा. पाऊस जुलै ते सप्टेंबर, तेव्हा दरवाजे उघडे, डोळ्यांसमोरून सगळं पाणी तेलंगणात जातं. २८ ऑक्टोबरला दरवाजे टाकतात तेव्हा वरच्या सगळ्या पायऱ्यांनी आपापले दरवाजे कधीच टाकलेले असतात. मग बाभळीत येणार कुठून? परतीचा पाऊस चांगला झाला तर भरतो, नाहीतर नाही. आणि जे थोडं जमलं त्यातून मार्चला परत सोडायचं. कोर्टानं दोन राज्यांत न्याय केला, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, तेलंगणातला शेतकरी पण शेतकरीच आहे. पण वरच्या पंधरा पायऱ्यांवर बसलेल्या आपण मराठवाड्याच्याच लोकांनी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात थोडं पाणी पुढं सोडायचं ठरवलं, तर बाभळीची पायरी दरवर्षी भरू शकते, आणि त्याला कोणत्या कोर्टाची परवानगी लागत नाही.

वाळूचं राहिलं. धरणाच्या आधी, मामांच्या लहानपणी, गंगा उन्हाळ्यात पण बारीक धार धरून असायची, वाळूत खरबुजाच्या वाड्या असायच्या, हातभर खड्डा केला की गोड पाणी लागायचं. तेव्हा नदीचं पाणी नुसतं वर नसायचं, ते वाळूच्या आत पण असायचं, पंधरा-वीस फूट वाळू म्हणजे एक मोठा स्पंज, पावसाळ्यात भरायचा आणि हळूहळू सोडायचा. ती वाळू गेली. ट्रॅक्टर, हायवा, रात्रीची पोकलेन, हे सगळ्यांना माहितीये. आता पात्रात जागोजागी खडक आणि गाळ उघडा पडलाय, बंधाऱ्यात पाणी आहे तोवर आहे, ते उपसलं की खाली काहीच नाही. बंधाऱ्यामुळं काठच्या विहिरींना पाझर वाढला हे खरं आहे, आमच्या गावात दोन्ही बाजूंना एक-दीड किलोमीटरपर्यंत विहिरी फेब्रुवारीपर्यंत टिकतात, पूर्वी एवढ्या टिकत नव्हत्या. पण वाळू असती तर हाच पाझर मेपर्यंत गेला असता असं मला मनापासून वाटतं.

तर मामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. जायकवाडी भरलं ते खरं. त्याचं पाणी डाव्या-उजव्या कालव्यानं गेलं, संभाजीनगर नि जालन्याच्या नळाला गेलं, नाथसागर पसरट आहे म्हणून उन्हानं पण बरंच उडवलं. तुमच्या घाटापाशी जे होतं ते जायकवाडीचं नव्हतंच, ते तुमच्या खालच्या बंधाऱ्यानं ऑक्टोबरमध्ये धरून ठेवलेलं होतं, आणि ते तुम्ही, पलीकडच्या काठानं, वरच्या चार गावांनी मिळून शेकडो मोटारींनी तीन महिन्यांत उचललं. दरवाज्याच्या कडेचं रबर फाटलं होतं, तिथून रात्रंदिवस धार लागलेली होती, ती पण धरा. मी दिवाळीला आलो तेव्हा आपण दोघं गेलो होतो बघायला, तुम्ही गोणपाटाच्या चिंध्या कोंबल्या होत्या त्या फटीत, पाणी थोडं कमी झालं होतं.

काल परत फोन आला. अकरावी पायरी उघडी पडली. मोटार दोन पाइप जोडून पुढं डोहात सरकवलीय, फूटव्हॉल्व्हला गाळ लागतोय म्हणून खाली फाटकी साडी बांधलीय, आणि गव्हाला शेवटचं एक पाणी राहिलंय.